हाफकिन आणि प्लेगची लस

घरात मेलेला उंदीर दिसला, की माणसांच्या काळजात धस्स व्हावे, असा एक काळ महाराष्ट्राने पाहिला आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांपासून माढे, बार्शी, पंढरपूर या भागांतील खेड्यापाड्यांपर्यंत या एका गोष्टीची दहशत होती. गावात उंदीर पडू लागले, अशी वार्ता कानी येताच लोक धान्याची गाठोडी, भांडीकुंडी आणि गुरेढोरे घेऊन वेशीबाहेर पडत व रानात खोपटी बांधून राहत. गाव ओस पडे. जे मागे राहत, त्यांच्यापैकी कोणाला एकाएकी थंडी वाजून ताप भरे, जांघेत किंवा काखेत गाठ उठे आणि चार-पाच दिवसांत तो माणूस घरातून नाहीसा होई. हाच प्लेग. १८९६ साली तो मुंबईत प्रकटला आणि पुढील काही दशकांत त्याने भारतातील एक कोटीहून अधिक माणसांचा बळी घेतला.

असे रोग कशाने होतात, याविषयी त्या वेळी एकमत नव्हते. कोणी त्यांना देवीचा कोप मानीत. पटकीची साथ आली, की गावकुसाबाहेरच्या मरीआईला नैवेद्य जाई. शिकलेले लोक दूषित हवेला, दलदलीला किंवा ऋतुमानाला दोष देत. डोळ्यांना न दिसणारा एक क्षुद्र जंतू धडधाकट माणसाला आडवा करतो, हे विधान पुष्कळांना चेष्टेचे वाटे. त्यात आश्चर्य करण्याजोगे काही नाही. जे दिसत नाही, त्यावर विश्वास ठेवणे सोपे नसते. ही गोष्ट लोकांच्या प्रत्ययास आणून देण्यासाठी ज्यांनी आपला देह पणाला लावला आणि आपले सारे आयुष्य वेचले, त्या वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचे नाव मुंबईच्या परळ भागातील एका विख्यात संस्थेमुळे आजही सर्वांच्या परिचयाचे आहे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या ओडेसा या बंदरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. हाफकिन यांचे घराणे ज्यू होते. त्या काळी रशियात ज्यू लोकांना अनेक हक्क नाकारले जात आणि अधूनमधून त्यांच्या वस्त्यांवर हल्लेही होत. ओडेसाच्या विद्यापीठात शिकत असताना अशाच एका हल्ल्याच्या वेळी तरुण हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी पुढे झाले, जखमी झाले आणि त्यांना तुरुंगही पाहावा लागला. त्याच विद्यापीठात त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. शरीरात शिरलेल्या जंतूंशी रक्तातील पांढऱ्या पेशी कशा झुंजतात, हे पुढे मेचनिकोव्ह यांनीच दाखवून दिले. गुरूच्या सहवासात हाफकिन यांना सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाची गोडी लागली.

विद्या पुरी झाली. पण अध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलला, तर वाट मोकळी होणार होती. हाफकिन यांनी ती वाट स्वीकारली नाही. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे लहानसे काम करून १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. प्रथम ते स्वित्झर्लंडला गेले आणि नंतर पॅरिसला आले. तेथे थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच उघडली होती आणि मेचनिकोव्हही तेथेच काम करीत होते. परंतु संशोधकाची जागा रिकामी नव्हती. ग्रंथालयातील मदतनिसाची तेवढी होती. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके लावावीत आणि उरलेला वेळ सूक्ष्मदर्शकाखाली डोळे लावून बसावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्यांनी पहिल्याने हात घातला तो पटकीच्या रोगाला. या रोगाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात केलेल्या तपासात दाखवून दिला होता. स्वल्पविरामासारखा वाकडा असलेला हा जंतू पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत सापडे. तोच त्यांना तेथील तळ्याच्या पाण्यातही आढळला. तरीही वाद मिटला नव्हता. हाफकिन यांचा विचार असा होता, की जंतू जर खरोखरच रोगाचे कारण असेल, तर त्याचे बळ कमी करून तो माणसाच्या शरीरात घातल्यास शरीराला त्याची ओळख होईल आणि पुढे खरा शत्रू आला, तरी शरीर त्याच्याशी लढण्यास सिद्ध राहील. पुष्कळ खटपटीनंतर त्यांनी अशी लस तयार केली. प्राण्यांवर तिचा पडताळा घेतला. आता प्रश्न उरला, तो माणसाचा. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, अंग ठणकले. पण थोड्याच दिवसांत ते पूर्ववत बरे झाले. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनीही ती टोचून घेतली.

त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील म्युनिक शहरी याच्या अगदी उलट असा एक प्रयोग झाला. पेटेनकोफर नावाचे वयोवृद्ध आणि सन्मान्य आरोग्यशास्त्रज्ञ केवळ जंतूंमुळे पटकी होते, हे मानावयास तयार नव्हते. आपले मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी पटकीचे जिवंत जंतू असलेले पाणी चक्क पिऊन टाकले! त्यांचे पोट थोडेसे बिघडले. पण ते दगावले नाहीत. मग जंतूंचा सिद्धांत खोटा ठरला काय? नाही. एकच रोग एकाला मारतो आणि दुसऱ्याला नुसता चाटून जातो, हे आपण नेहमी पाहतो. एक माणूस वाचला, एवढ्यावरून जंतू निरुपद्रवी ठरत नाही. त्याचप्रमाणे एका माणसाने लस टोचून घेतली आणि तो जगला, एवढ्यावरून ती लस गुणकारीही ठरत नाही; ती घातक नाही, इतकेच सिद्ध होते. हाफकिन यांना याची पुरती जाणीव होती. आपल्या देहाची साक्ष पुरेशी नाही. जेथे रोग खरोखर थैमान घालीत आहे, तेथे जाऊन, लस घेतलेली आणि न घेतलेली माणसे शेजारी शेजारी ठेवून मोजली पाहिजेत, हे त्यांनी जाणले. म्हणून ते भारतात आले.

१८९३ च्या मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्यास उतरले. परका देश, अपरिचित भाषा आणि हातात सुई! लोकांनी त्यांना संशयाने पाहावे, हे स्वाभाविकच होते. पुष्कळ डॉक्टरांचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. कारण हाफकिन हे शास्त्रज्ञ होते, वैद्यकाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. तरीही ते उत्तर भारतातील गावोगाव, लष्करी छावण्यांत व मजुरांच्या वस्त्यांत हिंडले. सव्वादोन वर्षांत सुमारे ४२,००० माणसांना त्यांनी पटकीची लस टोचली. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत पटकीची साथ आली, तेव्हा तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत जे रोगाला बळी पडले, ते सारे लस न घेतलेल्यांपैकी होते. या दगदगीने हाफकिन हिवतापाने पछाडले आणि त्यांना काही काळ इंग्लंडला जाऊन राहावे लागले. प्रकृती सुधारताच ते पुन्हा भारतात परतले.

इकडे १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईतील मांडवी भागात एक निराळाच ताप सुरू झाला होता. मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी रोगी तपासले आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असे निर्भयपणे जाहीर केले. शहरात हाहाकार उडाला. गिरण्या आणि पेढ्या ओस पडू लागल्या. आगगाड्या व होड्या भरभरून माणसे गावी पळाली. काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली. सरकारने हाफकिन यांना पाचारण केले. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते मुंबईत दाखल झाले आणि भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका खोलीत व तिच्या लगतच्या पडवीत त्यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच परिवार!

प्लेगचा जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, येर्सिन या शास्त्रज्ञाने हाँगकाँग येथे शोधून काढला होता. हाफकिन यांनी रोग्यांच्या गाठींतून तो जंतू मिळविला. आता तो मोठ्या प्रमाणावर वाढवावयाचा होता. त्यासाठी त्यांनी बोकडाच्या मांसाचा रस काढला आणि तो काचेच्या चंबूत भरून त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्रत्येक घरच्या चुलीपाशी असणारे ते साधे तूप शास्त्राच्या मोठ्याच कामी आले. तुपाच्या थेंबांना धरून जंतूंची वाढ खाली लोंबू लागे. गुहेच्या छतापासून चुनखडीचे सुळके लोंबावेत, तशी ती दिसे. चंबू हलविला, की हे सुळके गळून तळाशी बसत आणि थेंबांखाली नवे वाढू लागत. पुरेशी वाढ झाली, की तो रस तापवून जंतू मारले जात आणि मग त्यात थोडे कार्बॉलिक आम्ल मिसळले जाई. अशा रीतीने मेलेल्या जंतूंची लस सिद्ध होई. सांगण्यास हे सोपे वाटते. परंतु ज्या चंबूत मृत्यू वाढत आहे, तो हातात धरून दिवसरात्र काम करणे सोपे नव्हते. हाफकिन मात्र पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या खोलीत दिसत. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि प्रथम सशांवर तिची परीक्षा घेण्यात आली. लस टोचलेले ससे प्लेगच्या जंतूंना पुरून उरले.

१० जानेवारी १८९७ हा दिवस उजाडला. लस कोणाला द्यावयाची? हाफकिन यांनी पुन्हा एकदा स्वतःचाच दंड पुढे केला. पुढे इतरांना जेवढी लस देण्यात येई, तिच्या कितीतरी अधिक मात्रा त्यांनी स्वतः घेतली. ताप चढला, टोचलेली जागा ठणकू लागली; परंतु त्यांनी आपले काम थांबविले नाही. ताप उतरल्यावर महाविद्यालयातील काही प्राध्यापक, डॉक्टर आणि विद्यार्थी पुढे आले व त्यांनीही लस टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी, म्हणजे दीडशेच्या आसपास माणसांनी, आपण होऊन लस घेतली. उरलेल्यांनी घेतली नाही. सर्वांचे अन्न एक, पाणी एक, भिंती एक. फरक होता, तो केवळ सुईच्या एका टोचणीचा. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि त्यांतील सहा मरण पावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांनाच तो झाला व दोघेही वाचले.

पुढच्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोदे संस्थानातील उंडेरा या गावी याहून चोख पडताळा घेण्यात आला. गावात प्लेग चालू होता. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना लस टोचली. एकाच छपराखाली राहणारे, एकाच तव्यावरची भाकरी खाणारे काही भाऊ लस घेतलेले, तर काही न घेतलेले, अशी स्थिती झाली. काही आठवड्यांनी घरोघर जाऊन मोजणी करण्यात आली. ज्या २८ घरांत रोग शिरला होता, त्यांत लस न घेतलेली ६४ माणसे होती. त्यांतील २७ आजारी पडली आणि २६ दगावली. लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांतील ८ आजारी पडली आणि ३ दगावली. या आकड्यांत अनेक घरांचे दुःख साठलेले आहे. परंतु हेच आकडे पुढे लक्षावधी माणसांच्या रक्षणास कारण झाले. लस घेतलेल्यांपैकी तिघे मेले, हेही हाफकिन यांनी लपविले नाही. लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे. ती मृत्यूचा धोका पुष्कळच कमी करते, हे सत्य जसे होते, तसे त्यांनी जगापुढे मांडले.

लोकांचा विश्वास मिळविणे हे लस बनविण्याहूनही अवघड होते. प्लेगच्या नावाखाली सरकारने सुरू केलेल्या उपायांनी जनता होरपळून निघाली होती. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेत, सामानसुमान बाहेर फेकीत आणि रोग्यांना आप्तांपासून ओढून छावणीत नेत. या जुलमाचा संताप इतका पराकोटीला गेला, की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता देह ठेवला होता. एकीकडे बंदुकीचा धाक आणि दुसरीकडे मायेचा हात. लोकांनी कोणाला आपले मानले, हे सांगावयास नको. हाफकिन यांच्या कार्याचा पाया धाकावर नव्हता. लस घेणाऱ्याने ती समजून आणि स्वेच्छेने घ्यावी, अशी त्यांची रीत होती. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान यांनी माझगावातील आपला एक बंगला त्यांच्या कामासाठी दिला आणि सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. डॉक्टर व्हिएगस यांनीही आपल्या हाताने हजारो माणसांना लस टोचली. डोळ्यांसमोरचा दाखला हुकमापेक्षा अधिक बलवान असतो, हे यावरून दिसून येते.

लोकांचे अनुभवाचे शहाणपणही पुढे शास्त्राने मान्य केले. सिमाँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत असे दाखविले, की प्लेगचा जंतू उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या द्वारे पसरतो. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरील भुकेल्या पिसवा त्याला सोडून माणसांना चावतात. पुढे मुंबईत झालेल्या संशोधनानेही ते खरे ठरले. उंदीर पडताच गाव सोडून रानात जाणारे आमचे खेडूत पिसवांपासूनच दूर जात होते. कारण त्यांना ठाऊक नव्हते. पण उपाय त्यांनी बरोबर शोधला होता.

लशीची मागणी वाढत चालली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधनाची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. तेथून लशीच्या बाटल्या भारताच्या कानाकोपऱ्यांत आणि परदेशांतही जाऊ लागल्या. हाफकिन कीर्तीच्या शिखरावर पोहोचले होते. त्याच वेळी त्यांच्यावर आयुष्यातील सर्वांत मोठे संकट कोसळले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबमधील मलकोवाल या गावी १०७ माणसांना लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांतील १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्वच्या सर्व मरण पावले. हे १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. देशभर खळबळ माजली. चौकशी नेमली गेली. लस लवकर व पुष्कळ तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी आपल्या पद्धतीत बदल करून कार्बॉलिक आम्ल वगळले होते. त्यावर बोट ठेवून सारा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेच्या माथी मारण्यात आला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने लक्षावधी प्राण वाचविले, त्याच्याकडे लोक प्राण घेणारा म्हणून पाहू लागले.

हाफकिन हताश झाले नाहीत. एका एका पुराव्याची त्यांनी चिकाटीने छाननी केली. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो. मलकोवाल येथे बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता, असे साक्षींतून निघाले. प्रयोगशाळेतच जंतू शिरला असता, तर प्रवासाच्या दिवसांत तो वाढून लशीला घाण येऊ लागली असती. परंतु बाटली उघडताना तशी घाण आली नव्हती. शिवाय इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही. म्हणजे दोष लशीचा नव्हता. तो बाटली उघडताना झालेल्या निष्काळजीपणाचा होता. जंतू खरे आहेत आणि डोळ्यांना न दिसताही ते मारक आहेत, याचा हा दारुण पुरावा होता. एका न दिसणाऱ्या जंतूला आवर घालणाऱ्या शास्त्रज्ञावर दुसऱ्या न दिसणाऱ्या जंतूने असा घाला घातला होता.

हिवतापाचा डासांशी असलेला संबंध उघड करणारे नोबेल पारितोषिकाचे मानकरी रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ च्या जुलै महिन्यात रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स पत्रात आपल्या सह्यांनिशी पत्र प्रसिद्ध करून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. अखेर सरकारलाही ते मान्य करावे लागले. पाच वर्षांनंतर कलंक धुऊन निघाला.

हाफकिन पुन्हा भारतात आले. परंतु परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याला त्यांची नेमणूक झाली आणि लस तयार करण्याचे काम तेथे त्यांच्या हाती राहिले नाही. त्यांनी तेथे काही वर्षे संशोधन केले आणि निवृत्त होऊन ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या त्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. ज्या वास्तूतून त्यांना मान खाली घालून जावे लागले होते, तिच्याच कपाळी त्यांचे नाव कोरले गेले. तोवर तेथून लशीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर पडल्या होत्या. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी घालविली. आपली संपत्ती त्यांनी आपल्या बांधवांच्या शिक्षणासाठी दिली. १९३० च्या ऑक्टोबर महिन्यात तेथेच त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढून त्यांचे स्मरण केले.

पटकी व प्लेग यांचे जंतू साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतात. त्यांना जीवाणू म्हणतात. परंतु देवी, पोलिओ यांसारख्या रोगांचे जंतू इतके लहान असतात, की ते त्यातून नीट दिसत नाहीत. त्यांना विषाणू असे नाव आहे. ज्या १८९२ साली हाफकिन यांनी पॅरिसमध्ये स्वतःला लस टोचून घेतली, त्याच वर्षी त्यांच्या जन्मदेशात इव्हानोव्हस्की नावाच्या संशोधकाला असे आढळले, की तंबाखूच्या रोगट पानांचा रस जीवाणू अडविणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला, तरीही तो निरोगी झाडाला रोग देतो. तो गाळणीतून निसटणारा शत्रू म्हणजे विषाणू. १९३९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्याचे चित्रही टिपले. विषाणू रोग करतात, हेही माणसाला असेच पायरी पायरीने, पडताळा घेत घेत कळले. लशीच्या बळावर देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली. २०२० मध्ये कोरोनाची साथ भारतात आली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या नमुन्यांतून तो विषाणू वेगळा केला. त्यावरून देशात लसही तयार झाली. नवी लस पारखताना काही स्वयंसेवकांना ती देतात, काहींना देत नाहीत आणि मग दोघांची तुलना करतात. उंडेरा गावच्या घराघरांतून हाफकिन यांनी केलेली मोजणी आणि ही परीक्षा यांची जात एकच आहे.

जे डोळ्यांना दिसत नाही, ते आहे किंवा नाही, हे मोठ्याने सांगितल्याने ठरत नाही. ते धाकाने ठरत नाही आणि केवळ श्रद्धेनेही ठरत नाही. प्रामाणिकपणे पारखावे, निघेल ते लोकांपुढे ठेवावे आणि त्यासाठी धोका पत्करावा लागला, तर तो प्रथम आपल्या शिरावर घ्यावा, हे हाफकिन यांनी आपल्या आचरणाने दाखविले. आज गावाच्या आरोग्य केंद्रात एखादी माता आपल्या तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन लस टोचण्यासाठी बसते. सुई टोचताच बाळ रडते आणि क्षणभराने शांत होते. त्या क्षणभराच्या वेदनेमागे एका परदेशी माणसाचे अनेक वर्षांचे कष्ट आणि अपमान उभे आहेत. तो माणूस या देशात पाहुणा म्हणून आला आणि येथील माणसांसाठी झिजला. त्याचे ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही.